टाळू शिवला, आता कानाकडे बघा

लोणावळ्याहून गाडी खोपोलीकडे उतरू लागली की कानाला दडे बसतात. शेजारी बसलेल्याचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटतं. मग आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, मुलांच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवतो. कानात बारीकसा ‘टक्’ असा आवाज होतो आणि सगळं पुन्हा स्वच्छ ऐकू यायला लागतं.

तो ‘टक्’ असतो एका नळीचं तोंड उघडल्याचा. कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली चिमुकली खोली असते, तिला मध्यकर्ण म्हणतात. या खोलीतून निघणारी नळी नाकाच्या मागच्या बाजूला, घशाच्या वरच्या टोकाशी उघडते. सोळाव्या शतकात बार्तोलोमेओ युस्ताकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, त्याच्या नावावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. गिळताना आणि जांभई देताना क्षणभर उघडते, तेवढ्यात आतली हवा ताजी होते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. ती उघडणारा मुख्य स्नायू टाळूचा असतो.

टाळू जन्मतः दुभंगलेला असेल तर हा स्नायू असतो, पण त्याला धड ओढता येत नाही. म्हणजे ते बाळ जन्मापासून घाटातच असतं, आणि त्याचे दडे आवंढा गिळून सुटत नाहीत.

मला हे माझ्या भाचीमुळे कळलं, आणि उशिरा कळलं. तिचा ओठ चौथ्या महिन्यात शिवला, टाळू चौदाव्या महिन्यात. दोन्ही ऑपरेशनं छान झाली, घरात पेढे वाटले. पुढची तीन वर्षं आम्ही सगळे तिच्या बोलण्याकडे कान लावून होतो. तिच्या कानांकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. बालवाडीच्या बाई म्हणायच्या, “हुशार आहे हो, पण आपल्याच तंद्रीत असते.” शब्द नाकातून यायचे, अर्धवट यायचे. ते टाळूमुळेच असणार असं आम्ही धरून चाललो. चौथा वाढदिवस तोंडावर आला असताना एका स्पीच थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत विचारलं, “कान शेवटचे कधी तपासले?” तपासलेच नव्हते. दोन्ही कान भरलेले निघाले.

म्हणून हा लेख. ज्यांच्या घरात टाळू दुभंगलेलं मूल आहे त्यांच्यापर्यंत हे आम्हाला कळलं त्याच्या तीन वर्षं आधी पोचावं, एवढीच धडपड.

छत फाटलं तर नळी का अडते

आधी एक घोळ मिटवू. बाळाची टाळू भरायची ती डोक्यावरची, माथ्यावरची मऊ जागा. इथे बोलतोय तो तोंडातला टाळू, जिभेच्या वरचं छत. त्याचा पुढचा भाग हाडाचा आणि कडक, मागचा मऊ, ज्याच्या टोकाला पडजीभ लोंबते. गर्भारपणाच्या साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात हे छत दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मधोमध जुळतं. जुळलं नाही की फट राहते. दर ७०० जन्मांमागे साधारण एका बाळाचा ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेले असतात. याची कारणं बरीच, काही जनुकांतली, काही बाहेरची, आणि बहुतेक घरांत अमुकच कारण असं बोट ठेवून सांगता येत नाही. आईने ग्रहणात काहीतरी चिरलं म्हणून असं झालं, हे आमच्याही घरी बारशाला आलेल्या एकीने म्हणून दाखवलं होतं. ते साफ खोटं आहे. नुकत्याच बाळंतपणातून उठलेल्या बाईवर असा ठपका ठेवणाऱ्याला घरातल्या कुणीतरी तिथल्या तिथे थांबवावं.

आता स्नायूंचं. मऊ टाळूत दोन्ही बाजूंनी स्नायू येतात आणि मध्यरेषेवर एकमेकांना मिळतात. उन्हाळ्यात पापड घालायला दोघीजणी जुनं लुगडं धरून ताणतात ते आठवा. दोन्ही बाजूंनी ओढ असते म्हणून ते ताठ राहतं. तेच लुगडं मधोमध फाटलेलं असेल, तर दोघी कितीही ओढोत, हातात नुसता लोंबता पदर येतो. दुभंगलेल्या टाळूत हेच होतं. स्नायूंना मधे धरायला काही नसतं, ते फटीच्या कडेला, कडक टाळूच्या मागच्या हाडाला जाऊन चिकटलेले असतात. नळी उघडायला लागणारा ताण त्यांच्याकडून येत नाही.

त्यात तान्ह्या बाळाची नळी मुळातच अवघड. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते आणि चांगली उतरती असते. बाळात जवळजवळ निम्मी आणि आडवी. म्हणून तर टाळू धड असलेल्या मुलांचेही कान सर्दीत भरतात. टाळू दुभंगलेल्या बाळात ही अडचण दुप्पट होते, आणि सर्दी गेली तरी तशीच राहते.

नळी उघडत नाही, पण खोलीचं अस्तर आतली हवा शोषत राहतं. दाब कमी होतो, पडदा आत ओढला जातो, आणि अस्तरातून द्रव पाझरू लागतो. सुरुवातीला तो पाण्यासारखा असतो. मग दाट होत होत पतंगाच्या कागदाला लावायच्या खळीसारखा होतो. दुखत नाही, ताप येत नाही, कान वाहत नाही, मूल रडत नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळी फसगत इथेच होते. दुखणारा कान आपण मध्यरात्री उठूनही डॉक्टरकडे नेतो. न दुखणारा कान वर्षानुवर्षं तसाच राहतो.

हे किती मुलांत होतं? जवळजवळ सगळ्यांत. १९६७ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्टूल आणि रँडल या डॉक्टरांनी टाळू दुभंगलेल्या बाळांचे कान उघडून पाहिले, तर बहुतेक सगळ्या कानांत द्रव मिळाला. दोन वर्षांनी पिट्सबर्गमध्ये जॅक पॅरडाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ५० बाळं तपासली आणि हा दोष या बाळांत सार्वत्रिक आहे असाच निष्कर्ष काढला. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ ही गोष्ट माहीत आहे. ती मोठ्या दवाखान्यांतून आपल्या ओसरीपर्यंत यायला इतका वेळ का लागावा, याचं मला फार वाईट वाटतं.

एक फरक मात्र सांगायला हवा. फक्त ओठ दुभंगलेला असेल आणि टाळू पूर्ण असेल, तर कानाला हा धोका नसतो, कारण नळीचा स्नायू शाबूत असतो. उलट काही मुलांचा टाळू वरवर अखंड दिसतो, पण कातडीखालचे स्नायू जुळलेले नसतात. पडजीभ टोकाला दुभंगलेली, टाळूच्या मधोमध निळसर पारदर्शक पट्टी, कडक टाळूच्या मागच्या कडेला बोटाला लागणारी खाच, ही त्याची चिन्हं. हा झाकलेला दोष कित्येकदा मूल शाळेत जाईपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही, आणि कान मात्र तसेच भरत राहतात.

किती कमी ऐकू येतं

आवाज मोजायचं माप डेसिबल. कुजबुज साधारण ३० डेसिबलची, समोरासमोरचं बोलणं ६० च्या आसपास. मध्यकर्णात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं साखळीने जोडलेली असतात. रिकीब तर शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. पडद्यावर आदळलेल्या आवाजाचा दाब ही साखळी वीसेक पटीने वाढवून आतल्या शंखाकृती कानाकडे पोचवते. ती हवेत मोकळी हलायला हवी. खळीत रुतली की आवाज दबतो. साधारण २० ते ३० डेसिबलची घट होते, कधी ४० पर्यंत जाते.

ही घट म्हणजे काय ते स्वतः अनुभवून पाहता येतं. दोन्ही कानांत बोटं घट्ट घालून घरातल्यांशी अर्धा तास बोला. ऐकू येतं, पण कळायला कष्ट पडतात. आता कल्पना करा की मराठी तुम्हाला येतच नाही, ती तुम्हाला अशीच, बोटं घालून शिकायची आहे.

आपल्या बोलण्यात स्वरांचा आवाज मोठा असतो, व्यंजनांचा लहान. त्यातही स, श, फ, थ, ह हे तर निव्वळ श्वासाचे आवाज. कान दबला की स्वर पोचतात, व्यंजनं गळतात. ‘शाळेत चल’मधलं ‘आ-ए-अ’ मुलाला मिळतं, बाकीचं ते अंदाजाने भरतं. मराठीत तर पळ आणि फळ, दार आणि धार, ताट आणि थाट यांच्यात फरक असतो तो एका फुंकरीचा. ती फुंकरच ऐकू येत नाही. शिवाय आपण नातं दाखवतो ते शब्दाच्या शेपटीला: घरात, घराला, घराशी, घराने. बोलताना त्या शेपटीपाशी आपला आवाज उतरलेला असतो. वाक्यात कोण कुणाला काय करतंय ते सांगणारा तुकडाच मुलाच्या हातून निसटतो.

आता यातला खरा गुंता बघा. टाळू दुभंगलेल्या मुलाला जे आवाज काढायला अवघड जातात, त्यांतलेच कितीतरी त्याला ऐकायलाही अवघड जातात. क, प, ट, च, स यांना तोंडात हवा कोंडावी लागते, आणि त्याची हवा नाकातून निसटते. म, न मात्र मुळातच नाकाचे, ते छान येतात. म्हणून असं मूल बाबांना ‘मामा’ म्हणतं. घर म्हणतं, टाळूचा दोष, ऑपरेशन झालं की येईल. ऑपरेशन होतं, हवा कोंडता येऊ लागते, तरी ‘स’ येत नाही, कारण ‘स’ कसा असतो ते त्याने कधी धड ऐकलेलंच नसतं. बोलण्याच्या दोषाला इथे दोन मुळं आहेत. एक दिसतं, दुसरं पडद्याआड असतं. दिसणाऱ्या मुळावर सगळं खापर फुटतं.

ही घट रोज सारखी नसते, त्यानेही दिशाभूल होते. आज द्रव कमी, उद्या सर्दी झाली की जास्त. सोमवारी हाक मारली की येतं, गुरुवारी येत नाही. मग आपण म्हणतो, “सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं हिला.” मी स्वतः हे म्हटलेलं आहे.

तपासणी: थाळी वाजवून कळत नाही

मागे उभं राहून टाळी किंवा थाळी वाजवायची, मूल वळलं की कान चांगले, ही घरोघरची तपासणी. थाळीचा आवाज इतका मोठा असतो की ४० डेसिबलची घट असलेलं मूलही वळतं. त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

खऱ्या तपासण्या सोप्या आहेत, एकीतही दुखत नाही. जन्मानंतर लगेच करतात ती ओएई: कानात छोटं मऊ टोक ठेवायचं, बारीक आवाज सोडायचे, आतला कान त्यांना परत प्रतिसाद देतो का ते यंत्र पाहतं. इथे दोन्हीकडून चूक होऊ शकते. टाळू दुभंगलेलं बाळ या चाचणीत अडकलं तर ‘कानात पाणी असेल, होईल नीट’ म्हणून सोडून देतात. पण द्रवाच्या आड आतल्या कानाचा बहिरेपणाही लपलेला असू शकतो. त्यासाठी पुढची बेरा चाचणी करावी लागते, जीत बाळ झोपलेलं असताना डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते पाहतात. आवाज हवेतून आणि कानामागच्या हाडातून, असा दोन्ही वाटांनी देऊन पाहिला की दोष मध्यकर्णातला की आतला, ते उलगडतं. आणि उलट, जन्मतः चाचणी पास झाली म्हणून निर्धास्त होऊ नये. द्रव पुढच्या महिन्यांतही साठतो.

टिम्पॅनोमेट्री नावाची चाचणी मला सगळ्यात आवडते, कारण ती आईवडिलांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येते. कानाच्या तोंडाशी रबरी टोक लावून हवेचा दाब किंचित कमीजास्त करतात आणि पडदा किती हलतो त्याचा आलेख निघतो. एका कानाला काही सेकंद पुरतात. पडद्यामागे हवा असेल तर कागदावर मधोमध डोंगराचं टोक उमटतं. द्रव असेल तर सपाट माळरान. माझ्या भाचीच्या दोन्ही कागदांवर माळरान होतं.

ऐकण्याची पातळी वयाप्रमाणे मोजतात. आठ-नऊ महिन्यांपासून, आवाजाकडे वळलं की लखलखणारं खेळणं दाखवून. अडीच-तीन वर्षांपासून, आवाज आला की डब्यात ठोकळा टाकायचा, अशा खेळातून. साधारण पाचव्या वर्षानंतर मोठ्यांसारखी हेडफोन लावून.

किती वेळा? जन्मानंतर एकदा, टाळूच्या ऑपरेशनच्या आधी, ऑपरेशननंतर, आणि मग बोलणं शिकण्याच्या सगळ्या वर्षांत ठरावीक अंतराने. तारखा तुमचे कान-नाक-घसा डॉक्टर आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारे तज्ज्ञ, ठरवतील. कुणी आपणहून तारीख दिली नाही तर मागून घ्या.

उपाय, आणि त्यावरचा वाद

या द्रवावर औषध नाही, हे आधी स्पष्ट सांगते. सर्दीच्या गोळ्या, नाकात घालायचे थेंब, अँटिबायोटिकचे कोर्स यांनी हा चिकट द्रव निघून जात नाही. कानात तेल घालणं तर पूर्ण बंद करा. लसूण कडकडवलेलं असो की नुसतं कोमट खोबरेल, ते पडद्याच्या अलीकडे राहतं आणि द्रव पलीकडे असतो. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नवाच त्रास होतो.

टाळूचं ऑपरेशन साधारण ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान करतात. त्यात सर्जन वाट चुकलेले स्नायू सोडवून मागे घेतात आणि एकमेकांना जोडतात. बोलण्यासाठी हे फार मोलाचं, कानालाही थोडाफार फायदा होतो. १८७८ मध्येच अ‍ॅडॉल्फ आल्ट या डॉक्टरांनी टाळूचा दोष आणि कानाचा त्रास यांचं नातं नोंदवलं होतं. पण टाळू शिवल्याने नळी लगेच सुधारते असं मात्र नाही. बहुतेक मुलांत ती वाढीबरोबर, हळूहळू, काही वर्षांनी सुधारते.

मधली वर्षं कशी काढायची, त्याचे दोन मार्ग. पहिला ग्रोमेट. पडद्याला बारीक छेद देऊन द्रव शोषून घेतात आणि त्या छेदात मण्याएवढी पोकळ नळी बसवतात. आता हवा युस्टेशियन नळीतून न येता पडद्यातल्या या नळीतून येते. आजच्या रूपातला हा उपाय अमेरिकेतल्या आर्मस्ट्राँग या डॉक्टरांनी १९५४ मध्ये रूढ केला. ग्रोमेट साधारण सहा महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकतो, मग पडदा त्याला आपणच बाहेर ढकलतो. फरक त्याच दिवशी कळतो. आमची भाची घरी आली आणि पंख्याकडे बोट दाखवून विचारू लागली, हा आवाज कसला.

दुसरा मार्ग श्रवणयंत्र. द्रव तसाच राहू द्यायचा आणि आवाज मोठा करून द्यायचा. ऑपरेशन नाही, भूल नाही. पण यंत्र मुलाच्या कानावर टिकलं पाहिजे, त्याचे सेल बदलले पाहिजेत, ते हरवता कामा नये, आणि ‘लोक काय म्हणतील’ हे ऐकून कपाटात जाता कामा नये.

यांतला कुठला मार्ग चांगला यावर डॉक्टरांतच मतभेद आहेत. काही ठिकाणी टाळू शिवतानाच सगळ्यांना ग्रोमेट बसवतात. भूल एकदाच, कामं दोन. दुसरी बाजू म्हणते की या मुलांत ग्रोमेट पडला की द्रव पुन्हा भरतो, मग पुन्हा ग्रोमेट, आणि वारंवार छेद दिल्याने पडद्यावर पांढरे चट्टे येतात, कधी कायमचं भोक राहतं, कान वाहू लागतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ मध्ये असं सांगितलं की टाळू शिवताना सरसकट ग्रोमेट बसवू नयेत, आधी कान आणि ऐकणं काळजीपूर्वक तपासून मग ठरवावं.

माझं मत विचाराल तर मूल कुठे राहतं यावर बरंच अवलंबून आहे. पुण्यात राहणाऱ्या, दर तीन महिन्यांनी ऑडिओलॉजिस्टकडे जाऊ शकणाऱ्या घराला वाट पाहणं आणि यंत्र वापरणं परवडतं. पण ज्यांना तपासणीसाठी मजुरी बुडवून, दोन एसट्या बदलून जिल्ह्याला यावं लागतं, त्यांच्या मुलाचे कान टाळूच्या ऑपरेशनच्या टेबलावरच कुणीतरी बघायला हवेत. आपल्याकडे ही ऑपरेशनं स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने मोफत होतात, हे मोठंच काम आहे. फक्त टाळू शिवणारे सर्जन वेगळे आणि कानाचे डॉक्टर वेगळे असतात, आणि दुसरे त्या दिवशी तिथे असतीलच असं नाही. म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाली की एवढं विचारा: “कान आधी तपासणार का? द्रव असेल तर त्याच भुलेत काही करता येईल का?”

एक इशारा पुन्हा पुन्हा द्यावासा वाटतो. कान भरणाऱ्या इतर मुलांत नाकामागच्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी काढून टाकतात आणि त्याने गुण येतो. टाळू दुभंगलेल्या मुलात ही गाठ काढणं जोखमीचं असतं. टाळू आखूड पडतो तेव्हा बोलताना तो याच गाठीला टेकून नाकाची वाट बंद करत असतो. गाठ गेली की आधार गेला, आणि सुधारलेलं बोलणं पुन्हा नाकातून येऊ लागतं. झाकलेल्या दोषातही हेच. नवीन डॉक्टरांकडे गेलात तर टाळूचा इतिहास पहिल्या वाक्यात सांगा, ऑपरेशनला कितीही वर्षं झालेली असोत.

द्रवापलीकडचे दोष

काही मुलांत टाळूचा दोष एकटा येत नाही. विशेषतः ओठ अखंड आणि फक्त टाळू दुभंगलेला असेल तेव्हा डॉक्टर इतर खुणाही शोधतात. स्टिकलर सिंड्रोममध्ये लहान वयात मोठ्या नंबरचा चष्मा आणि उंच पट्टीच्या आवाजांचा, आतल्या कानाचा बहिरेपणा असू शकतो. ट्रीचर कॉलिन्समध्ये कानाची हाडंच नीट घडलेली नसतात, तिथे हाडातून आवाज पोचवणारं यंत्र उपयोगी पडतं. बाविसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असेल तर हृदयाचा दोष आणि टाळूचा दोष बरोबर दिसतात. अशा मुलाच्या कानात नुसता ग्रोमेट घालून भागत नाही. द्रव काढूनही ऐकणं सुधारलं नाही, तर तिथे थांबू नका, पुढची तपासणी करून घ्या.

दुसरा धोका उशिरा येतो. वर्षानुवर्षं आत ओढला गेलेला पडदा पातळ होऊन खिशासारखा खोल जातो, त्या खिशात कातडीचे थर साठत जातात आणि आजूबाजूचं हाड पोखरू लागतात. त्याला कोलेस्टीटोमा म्हणतात. टाळू दुभंगलेल्यांत तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतो. कानातून थोडाच पण घाण वासाचा स्राव, तोही औषधाने न थांबणारा, हे त्याचं लक्षण. यावर थेंब घालत बसू नये. याला ऑपरेशनच लागतं, आणि लवकर झालं तर ऐकणं बरंचसं वाचवता येतं. म्हणून लहानपणी टाळू शिवलेल्या, आता पंचविशीत-तिशीत असलेल्या माणसांनीही एकदा कान दाखवावेत. ‘मला पहिल्यापासूनच कमी ऐकू येतं’ असं म्हणणाऱ्या कितीतरी जणांच्या पडद्यामागे दुरुस्त होण्यासारखं काहीतरी असतं.

कुठे जायचं, घरी आणि शाळेत काय करायचं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं येतात, आणि दुभंगलेला ओठ-टाळू तसंच जन्मजात बहिरेपणा दोन्ही त्याच्या यादीत आहेत. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतात. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अंगणवाडी ताईंना किंवा आशाताईंना टाळूबरोबर कानाचंही नाव नोंदवायला सांगा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाणी आणि श्रवणाचंच काम करते.

एक अडचण माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रमाणपत्रासाठी दोन्ही कानांत किमान ६० डेसिबलची घट लागते. ३५ डेसिबल घट असलेलं मूल त्यात बसत नाही. प्रमाणपत्र मिळालं नाही म्हणजे मुलाला त्रास नाही, असा अर्थ शाळेने काढू नये. ऑडिओग्रामची, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीच्या आलेखाची, प्रत घेऊन वर्गशिक्षकांना भेटा. पुढच्या बाकावर बसवा, ज्या कानाने बरं ऐकू येतं तो कान बाईंकडे. फळ्याकडे तोंड करून सांगितलेलं या मुलांना पोचत नाही, आणि पत्र्याच्या वर्गात पाऊस सुरू झाला की काहीच पोचत नाही.

घरी बोलताना जवळ या, तोंड दिसू द्या, नाव घेऊन लक्ष वेधा, मग सांगा. ओरडू नका, ओरडण्याने स्वर आणखी मोठे होतात आणि व्यंजनं तिथेच राहतात. तान्ह्या बाळाला दूध पाजताना आडवं ठेवू नका. वाटी-चमचा असो, बोंडलं असो की खास बाटली, डोकं चांगलं उंच धरा, म्हणजे दूध नाकामागे कमी जातं. ग्रोमेट असेल तर विहिरीत-नदीत बुडी मारणं नको, आणि आंघोळीचं साबणाचं पाणी कानात जाऊ देऊ नका. घरात विडी-सिगारेटचा धूर आणि चुलीचा धूर मुलापासून लांब ठेवा, धुराने नळीचं अस्तर सुजतं.

आमच्या भाचीचे पहिले ग्रोमेट पडले तेव्हा द्रव पुन्हा भरला. दुसऱ्यांदा बसवले. आता ती नऊ वर्षांची आहे, उजव्या कानाचा आलेख डोंगरासारखा येतो, डाव्याचा टेकडीएवढा. ‘स’ तिला स्पीच थेरपीत सहा महिने झगडल्यावर आला, आणि आला त्या आठवड्यात तिने घरातल्या प्रत्येकाला साखर, साबण, सायकल असं म्हणून दाखवलं. पुढची तपासणी जूनमध्ये आहे, शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात. कॅलेंडरवर तो दिवस तिने स्वतःच लाल पेनाने गोल करून ठेवलाय.